डॅनिश कंपन्यांच्या नावापुढचं 'ए/एस' म्हणजे काय?

इन्सुलिनच्या खोक्यावर 'नोवो नॉर्डिस्क ए/एस' असं छापलेलं असतं, तेच हे. ए/एस म्हणजे 'आक्तिएसेल्स्काब', साधारण आपल्याकडच्या पब्लिक लिमिटेडसारखी. भागधारकाचं नुकसान त्याने घातलेल्या पैशापुरतं. कंपनीला कर्ज देणारे त्याच्या घरादारापर्यंत पोचत नाहीत.

किमान भांडवल ४ लाख डॅनिश क्रोनर. रोजचा कारभार व्यवस्थापक पाहतात, वर बहुधा किमान तिघांचं संचालक मंडळ. त्यात व्यवस्थापकांचं बहुमत चालत नाही.

मला आवडलेला भाग म्हणजे सलग ३ वर्षं सरासरी किमान ३५ कर्मचारी असतील, तर कामगारांना स्वतःचे प्रतिनिधी थेट मंडळावर निवडून देता येतात.

शेअर घेताना वर्ग मात्र बघा. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या 'बी' शेअरला मताधिकारच नाही!