नवे टीम लीड आहात ना? मग आधी एवढंच

अभिनंदन! अर्धी टीम घरून, अर्धी ऑफिसात, म्हणून धास्तावू नका. जमतं.

१. टीम्स या ऑफिसच्या चॅट-अ‍ॅपवर कोण ऑनलाइन आहे ते दाखवणारा हिरवा ठिपका बघत बसू नका. त्यावर पाळत ठेवली की हुशार माणूस आधी माऊस हलवत राहायला शिकतो, मग नोकरी शोधायला लागतो. काम काय आणि कधीपर्यंत, एवढं लेखी ठरवा.

२. सगळ्यांनी हजर असायची वेळ ठरवा, समजा ११ ते ४. मीटिंगा त्यातच. हिंजवडीहून सहाला निघालेल्याला साडेसहाचा कॉल लावलात, तर तो ट्रॅफिकमधूनच बोलणार!

३. समोर दिसतो त्यालाच चांगलं काम द्यायचं, ही चूक बहुतेक नवे लीड करतात. घरून काम करणारी मग अप्रेझलला मागे पडते, आणि राजीनामा आला की आपण चकित.

बाळंतपणाच्या रजेवरून कुणी परतणार असेल तर एचआरशी आधीच बोला. कामाचं स्वरूप तसं असेल, तर रजेनंतर आपसांत ठरवून घरून काम करण्याची तरतूद २०१७ च्या कायदादुरुस्तीने आणली आहे.

ओकेआर (उद्दिष्टं आणि ती मोजायचे निकष), डॅशबोर्ड सध्या राहू द्या. प्रत्येकाशी आठवड्याला अर्धा तास वेगळं बोला. तिथे स्टेटस विचारायचं नाही.