अफरातफर म्हणजे फसवणूक नव्हे

मडगावच्या एका वाचकांनी विचारलंय: दुसऱ्याचा प्लॉट आपला म्हणून दाखवून एकाने आगाऊ रक्कम उकळली. बातमीत त्याला 'अफरातफर' म्हटलंय, ते बरोबर का?

साफ चूक, आणि ती हल्ली रोज कानावर येते. त्याहून वाईट म्हणजे 'बाजारात अफरातफरी माजली'! ही हिंदीतली उसनवारी. गोंधळ, पळापळ, धांदल हे आपले शब्द कुठे गेले?

अफरातफर मूळची अरबी, फारसीमार्गे आलेली: इफ्रात आणि तफ्रीत. इफ्रात म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त, तफ्रीत म्हणजे हवं त्यापेक्षा कमी. आणि दोन्ही एकाच धातूतून, फ-र-त! हिंदीने या जोडीतला गोंधळ तेवढा उचलला, मराठीने थेट हिशेबाची वही उघडली. म्हापशाच्या बाजारात पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा मासळीवालीकडून 100 रुपये घेतो, तिच्या कार्डावर 100 लिहितो, संस्थेत भरणा मात्र 60 चाच करतो. 40 त्याच्या खिशात वाढले, तिच्या खात्यात घटले. इफ्रात, तफ्रीत.

'तफर' ही 'तफावती'ची मोडतोड असं छातीठोक सांगणारे भेटतात. तफावतीचा धातू फ-व-त, वेगळा. निदान एकदा कोश उघडावा.

आता कायदा पाहा. 'अप्रामाणिकपणे'ची व्याख्या 1860 च्या दंड संहितेत कलम 24 मध्ये होती, आता भारतीय न्याय संहितेत 2(7) मध्ये आहे: एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी पोचवण्याचा हेतू. एकीकडे वाढ, दुसरीकडे घट, तीच जोडी! विश्वासाने सोपवलेलं हडपण्याच्या गुन्ह्यासाठी 'फौजदारीपात्र न्यासभंग' असा दगड घडवणाऱ्या अनुवादकांना अफरातफर हा तयार शब्द दिसला कसा नाही, याचं मला खरंच दुःख आहे.

हां, प्लॉट. तिथे पैसे हाती येण्याआधीच खोटं बोलून झालं होतं, म्हणून ती ठकवणूक: कलम 318, जुनं 420. अफरातफरीत पैसे आधी विश्वासाने सोपवले जातात, नियत मागाहून फिरते, तो न्यासभंग: कलम 316. एकाच व्यवहारात हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात बजावलंय. मडगावच्या प्रकाराला कोंकणीत नेमका शब्द आहे, फटोवप. फट म्हणजे खोटं. गुन्ह्याची सुरुवात शब्दातच सांगितलेली.