मॅग्ना कार्टा १२१५ वर थांबत नाही

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. कष्ट दिसतात. पण १५ जून १२१५ ला थेम्सकाठी रनीमीडच्या कुरणात इंग्लंडच्या जॉन राजाने मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेवर शिक्का उमटवला आणि पुढच्याच परिच्छेदात तू आपल्या संविधानाच्या कलम २१ वर, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणावर, येऊन पोचलास. मधल्या सातशे वर्षांत काय घडलं, ते कळल्याशिवाय हा विषय हाती लागणार नाही.

१२१५ ची सनद जेमतेम दहा आठवडे टिकली. २४ ऑगस्टला पोप तिसरे इनोसंट यांनी ती रद्द ठरवली आणि यादवी पेटली. सनदेचं ६१ वं कलम काढून बघ. राजाने वचन मोडलं तर पंचवीस सरदारांनी त्याचे किल्ले आणि जमिनी जप्त करायच्या! राजाला अडवण्याचा याहून दुसरा मार्ग तेव्हा कुणाला सुचला नव्हता.

ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन वारला. गादीवर आला नऊ वर्षांचा तिसरा हेन्री. त्याचा कारभारी विल्यम मार्शल याने तीच सनद, ६१ वं कलम गाळून, राजाच्या नावाने पुन्हा जारी केली. १२१७ मध्ये परत. आणि मग आलं १२२५. फ्रान्समधला मुलूख राखायला हेन्रीला पैसा हवा होता. लोकांच्या जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून मिळाला, पण बदल्यात त्याला सनद नव्याने द्यावी लागली. माझ्या मते घटनात्मक राज्यकारभाराची खरी सुरुवात इथे आहे. पुढे तिजोरी रिकामी झाली की राजाला संमती मागावी लागे, आणि संमती देणारे आधी गाऱ्हाणी मांडत. १२९७ मध्ये पहिल्या एडवर्डवरही हीच वेळ आली. संसदेची ताकद या देवघेवीतून वाढत गेली.

ही सनद सगळ्यांची होती असं मात्र लिहू नकोस. कायदेशीर निवाड्याशिवाय कुणाला कैद करू नये, मालमत्ता हिरावू नये, असं सांगणारं ३९ वं कलम ‘स्वतंत्र माणसा’पुरतं होतं, जमिनीला बांधलेली असंख्य कुळं त्याच्या बाहेर होती. १३५४ च्या कायद्याने ते संरक्षण कोणत्याही दर्जाच्या माणसाला लागू केलं. पुढे १६२७ मध्ये सक्तीचं कर्ज द्यायला नकार देणाऱ्यांना पहिल्या चार्ल्सने कारण न सांगता तुरुंगात टाकलं, तेव्हा कायदेपंडित आणि संसद सदस्य एडवर्ड कोक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच सनदेच्या आधाराने १६२८ चा हक्कांचा अर्ज (पिटिशन ऑफ राइट) उभा केला. सरदारांच्या मनात नसलेला अर्थ कोकने त्यात वाचला, असा आक्षेप घेतात. आक्षेप खरा आहे, तरी मला कोकचं वाचन मोलाचं वाटतं. त्याने तसं वाचलं नसतं तर ती सनद जुन्या दफ्तरात पडून राहिली असती.

आता आपल्याकडे ये. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही, हे आपलं कलम २६५. कलम २१ सोबत १९७६ चा सर्वोच्च न्यायालयातला एडीएम जबलपूर खटला घे. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाची दारं बंद आहेत, असं चार न्यायमूर्ती म्हणाले, एकटे ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले. त्यांचं मतपत्र मूळातून वाच, सारांशावर भागवू नकोस. मग कलम २१ खालची कार्यपद्धती न्याय्य हवी असं सांगणारा १९७८ चा मेनका गांधी निकाल वाच, आणि निबंध १२२५ पासून सुरू करून पुन्हा लिही. पुढच्या महिन्यात पाठवलास तरी चालेल.

तुझा,
सर