माळेगावच्या जत्रेत काढलेले घोड्यांचे फोटो पुसट आले. लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू होतं. शटर स्पीड किती हवा होता?

1/1000 सेकंद हवा होता, तोही निदान.

फोटो हलतो तो एकतर आपला हात हलल्यामुळे, नाहीतर समोरचं हलल्यामुळे. स्टॅबिलायझेशन सावरतं ते फक्त हाताचं. ताशी 40 किमीने पळणारा घोडा 1/100 सेकंदात 11 सेंटीमीटर पुढे जातो, तेवढा तो फोटोत फरपटणारच. 1/1000 ला हेच अंतर जेमतेम एक सेंटीमीटर उरतं. पाय तर अंगापेक्षाही जोरात हलतात, म्हणून खुरं पण ठळक हवी असतील तर 1/2000 वर जा. घोडा थेट तुमच्याकडे येत असेल तर यापेक्षा कमीत भागतं. आडवा जाताना मात्र नाही.

तुमचे फोटो मोठे करून बघा. मागची पालं, माणसं ठळक आणि घोडाच पुसट, म्हणजे हात ठीक होता. सगळंच हललेलं असेल तर हात. स्टॅबिलायझेशन नसेल तर 200 मिमीच्या लेन्सला किमान 1/200 ठेवायचा, छोट्या सेन्सरवर 1/320.

शटर स्पीड स्वतः ठरवायला डायल निकॉनवर एस, कॅननवर टीव्ही या खुणेवर आणा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, ऑटोवर सोडा. 1/500 वरून 1/1000 वर गेलं की उजेड निम्मा होतो, तो आयएसओ दुप्पट करून भरून निघतो. दुपारच्या उन्हात काही अडचण नाही. दिवस कलल्यावर आयएसओ 3200 झाला तरी घाबरू नका. त्यानं फोटोत येणारे दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेला घोडा सरळ होत नाही.

मला स्वतःला मात्र 1/60 चे फोटो जास्त आवडतात. घोड्याबरोबर कॅमेरा त्याच वेगानं फिरवत बटण दाबायचं, दाबल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही. डोकं ठळक येतं, गर्दीच्या रेघा होतात, आणि तो पळतोय हे फोटोत दिसतं. बरेच फोटो वाया जातात, पण जमलेला एक भारी असतो.

रात्री लावणीच्या मंचाचे काढणार असाल तर आधी 1/100 लावून बघा. आपली वीज 50 सायकलची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि शटर त्याहून जलद ठेवलं की फोटोत कधीकधी काळे पट्टे येतात. 1/100 ला गिरकी हलणारच. ती संपून नर्तकी क्षणभर थबकते, तेव्हा दाबा.