एअर फ्रायर : बटणं, लिटर आणि भडंग

प्रश्न : नवीन एअर फ्रायरवर फ्राय, रोस्ट, बेक, रीहीट अशी आठ बटणं आहेत. कोणतं कशासाठी वापरायचं? प्रीहीट करावंच लागतं का? (विश्रामबाग, सांगली)

मशीन बंद आणि पूर्ण गार असताना भांडं काढून वर डोकावून पाहा. वेटोळ्याची कॉइल दिसेल, तिच्या मागे पंखा. कॉइल तापते आणि पंखा ती गरम हवा पदार्थाभोवती जोरात फिरवतो. म्हणजे हा पंखा लावलेला छोटा ओव्हन. ‘फ्रायर’ हे विकण्यापुरतं नाव, तळण यात होत नाही.

बहुतेक मशीनमध्ये बटण म्हणजे आधी ठरवून ठेवलेलं तापमान आणि मिनिटं, एवढंच. काहींत बेक किंवा डीहायड्रेटला पंख्याचा वेगही कमी होतो. त्यामुळे चित्रं पाठ करण्यापेक्षा आकडे लक्षात ठेवा : फ्रोजन फ्राइज २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, केक १६० अंश, गार सामोसा गरम करायला १६० अंशांवर ४-५ मिनिटं. ओव्हनची पाककृती असेल तर तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवा आणि पाऊण वेळ झाली की उघडून बघा.

प्रीहीट म्हणजे रिकामं मशीन ३ मिनिटं तापवणं. वडे, कटलेट, केक यांना ते हवं. शेंगदाणे भाजायला किंवा शिळं गरम करायला गरज नाही. मध्येच वाजणारा ‘शेक’चा इशारा फ्राइज, शेंगदाणे हलवण्यासाठी असतो. केक करताना तो वाजला तर वाजू द्या.

प्रश्न : ‘४ लिटर’ म्हणजे चार माणसांचं का? आणि १५०० वॅटला घरातला साधा प्लग चालेल? (कराड)

नाही. लिटर म्हणजे भांड्याची काठोकाठ मापाची जागा. पदार्थ त्याच्या निम्म्याहून कमीच मावतो, कारण हवेला फिरायला वाट लागते. खरं माप तळाचं. साधारण २० सेंटिमीटरच्या तळावर वडे एका थरात, बोटभर अंतर ठेवून, सहा-सात बसतात. एकावर एक रचले की मधले पांढरे, मऊ राहतात आणि दोष मशीनला जातो. चौघांच्या घराला ५-६ लिटरचं बरं, नाहीतर दोन घाण्यांची तयारी ठेवा.

१५०० वॅटचं मशीन २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतं. साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. मिक्सरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर किंवा छोट्या पिनेच्या अडॅप्टरवर लावलं, तर आधी प्लग गरम होतो, मग जळका वास येतो. गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच वापरा. विजेचा धसका मात्र नको : २० मिनिटांना फार तर अर्धं युनिट. ठरलेलं तापमान आलं की कॉइल मधूनमधून बंद होते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच.

प्रश्न : कांदाभजी केली, तर पीठ जाळीतून खाली गळलं. काय चुकलं? (कोरेगाव, जि. सातारा)

तुमचं काही चुकलं नाही, पदार्थ चुकला. तापलेल्या तेलात पीठ पडताच बाहेरून आवळतं. हवा तेलाइतक्या झपाट्याने उष्णता देत नाही, तोवर पीठ वाहून जातं. जे राहतं ते कोरडं, चिवट होतं. भजी आणि बटाटेवडा कढईतच करा.

पण आधी उकडलेले पदार्थ यात फार छान होतात. कोथिंबीर वडी किंवा अळूवडी उकडून पूर्ण गार करा, बोटभर जाड कापा, दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा (दहा-बारा वड्यांना एक चमचा पुरतं). १९० अंशांवर ८ मिनिटं, उलटून आणखी ४. तेल अजिबात लावलं नाही, तर कड पापडासारखी कडक आणि रंग फिका. साबुदाणा वडा १८० अंशांवर १० अधिक ८ मिनिटं. तो चपटा ठेवा, गोल वड्याचा गाभा कच्चा राहतो.

प्रश्न : भडंगासाठी चुरमुरे यात कुरकुरीत करता येतील का? आणि डीहायड्रेटवर बेदाणे? (तासगाव)

चुरमुरे नकोत. इतके हलके दाणे पंख्याच्या झोताने उडून कॉइलला चिकटतात आणि जळतात. मोकळा बटर पेपर आणि सुटा पापडही तसाच उडतो. भडंगातले शेंगदाणे मात्र १६० अंशांवर ८-१० मिनिटांत, दोनदा हलवून, एकसारखे भाजतात. उरलेल्या उष्णतेने ते पुढेही भाजत राहतात, म्हणून रंग किंचित कमी असतानाच काढा. लसूण ठेचून तेलात कढईतच परता.

डीहायड्रेट म्हणजे साधारण ४० ते ८० अंशांची मंद हवा, तासन्‌तास. पुदिना, कढीपत्ता, टोमॅटोच्या चकत्या यांना ठीक. अख्ख्या द्राक्षाची साल पाणी सहज सोडत नाही. मूठभर बेदाण्यांसाठी दिवसभर मशीन चालवायचं, तेही तासगावात?

प्रश्न : चिकन करताना धूर येतो. भांड्याचा काळा थरही निघतोय. (मिरज)

चरबी खालच्या तापलेल्या भांड्यात ठिबकून जळते. जाळीखाली दोन-तीन चमचे पाणी घाला आणि दर वेळी भांडं धुवा. कॉइलवर तेलकट राप असेल, तर गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. थर निघतो तो बहुधा तारेच्या घासणीने, स्टीलच्या चिमट्याने किंवा डब्यातल्या तेलाच्या स्प्रेने. स्प्रेत तेलात मिसळलेल्या इतर पदार्थांचा चिकट लेप बसतो, मग तो घासताना नॉनस्टिक खरवडलं जातं. लाकडी चिमटा वापरा आणि तेल ब्रशने लावा. पापुद्रे सुटत असतील, तर तेवढं भांडंच बदला.