दुसऱ्या वर्षाचा तक्ता आधी मांड

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाई, तालुक्यातल्या आठवीच्या सगळ्या पोरांना टॅब द्यायचा प्रस्ताव आलाय. माझा अभिप्राय मागितलाय. हो लिहू की नको?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही. हा विषय उभ्या उभ्या उरकण्यासारखा नाही, आणि विस्तार अधिकारी झाल्यापासून तुझ्या शेऱ्यावर एवढे पैसे अवलंबून असलेला हा पहिलाच कागद असेल. म्हणून सावकाश लिहिते.

आधी माझं मत ऐक. सरकारनं गरिबाच्या पोरांना टॅब द्यावा, या बाजूची मी आहे. पण सरसकट देऊ नये. आणि दुसऱ्या वर्षाच्या खर्चाची तरतूद कागदावर नसेल, तर एकही देऊ नये.

हे मी कुठून शिकले, ते सांगते. मी केंद्रप्रमुख असताना माझ्याकडच्या एका शाळेला वीस टॅब मिळाले होते. वाटपाला मंडप घातला, हार-नारळ झाले, पोरांना एकेक टॅब हातात देऊन फोटो काढले. सव्वा वर्षानं शाळाभेटीला गेले तेव्हा म्हटलं, टॅब दाखवा. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडलं. निम्म्या खोक्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मी एक उचलला, तर त्याची पाठ फुगलेली आणि एका कोपऱ्यात काच वर आलेली. महिनोन्महिने न वापरता, पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या उन्हात तापून बॅटरी फुगली होती. मी चिडले. त्यांनी शांतपणे डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, वीसच्या वीस माझ्या नावावर आहेत. एक हरवला तर वसुली माझ्या पगारातून. फुटला तर नोंदीतून कमी करायला निर्लेखनाचा प्रस्ताव करा, तो मंजूर होईपर्यंत वाट बघा. दुरुस्तीला एक रुपया आलेला नाही. पोरांच्या हातात कशाच्या भरवशावर देऊ?"

तो माणूस कामचुकार नव्हता रे. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शाळेचं कुलूप काढणारा होता. आपण त्याला वस्तू दिली होती, पण ती मोडण्याची परवानगी दिली नव्हती. पोरांच्या हातातली वस्तू मोडणारच. पाटीसुद्धा फुटायचीच की. पाटी परवडायची, म्हणून कुणी ती कपाटात ठेवली नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नकोस. पेरू देशानं २००८ च्या सुमारास प्राथमिक शाळांतल्या पोरांना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली आणि आठ लाखांहून जास्त घेतले. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, ही निकोलस नेग्रोपोंटे यांची कल्पना. यंत्रात दोनशे पुस्तकं भरून दिली होती. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. सव्वा वर्षानंतर गणितात आणि भाषेत या पोरांची प्रगती बाकीच्यांपेक्षा जास्त दिसली नाही. यंत्र पोचलं होतं, पण वर्गात शिकवणं होतं तसंच राहिलं होतं. शाळांत इंटरनेट जवळजवळ नव्हतंच.

याच्या शेजारी उरुग्वे ठेवून बघ. यंत्र तेच. पण त्यांनी २००७ मध्ये एका छोट्या गावात सुरुवात केली, मग देशभर नेलं आणि इंटरनेटची जोडणी, दुरुस्ती, शिक्षकांचं प्रशिक्षण हे सगळं बघायला वेगळी यंत्रणा उभी केली. तिथेही सुरुवातीच्या वर्षांत गणित-वाचनात झेप दिसली नाही, हे मी लपवणार नाही. पण यंत्रं चालू राहिली, शाळा जोडलेल्या राहिल्या. म्हणून पुढे दूरवरच्या शिक्षकानं पडद्यावरून इंग्रजी शिकवायचं आणि वर्गातल्या बाईंनी सोबत करायची, असा उपक्रम त्याच जाळ्यावर उभा राहू शकला.

आपला 'आकाश' टॅब तुला आठवत असेल. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत त्याचा गाजावाजा झाला, सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. बोट जोरात दाबल्याशिवाय पडदा दाद देत नसे. तो कॉलेजच्या मुलांसाठी होता, पण शिकायचं ते एकच: सर्वांत कमी दराची निविदा म्हणजे सर्वांत स्वस्त वस्तू असं होत नाही. जे दोन वर्षंही चालत नाही ते महागच पडतं.

आता दुसरी बाजू. टॅब म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं म्हणणारे तुझ्या कार्यालयातही असतील. त्यांच्याशी माझं पटत नाही, आणि त्याचं कारण एक मुलगी आहे.

२०२० साल. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणत आपण सगळे व्हॉट्सअॅपवर अभ्यास धाडत होतो. सातवीतली एक पोर रोज रात्री साडेनऊनंतर वहीचा फोटो पाठवायची. घरात फोन एकच, तो वडिलांसोबत दुधाच्या गाडीवर. ते घरी आले की आधी नववीतल्या भावाचा नंबर. बाप जेवायला बसला की हिच्या वाट्याला फोन यायचा. फोटो नेहमी काळपट, आणि कोपऱ्यात वडिलांच्या ताटाची कड आलेली. अक्षर मात्र सुरेख. त्या ताटाच्या कडेवरून मला कळायचं की आज हिला दहा मिनिटं मिळाली आहेत. ज्या घरात वस्तू एकच असते, तिथे मुलीचा नंबर शेवटी लागतो. तिच्या स्वतःच्या नावानं आलेली वस्तू हा क्रम बदलू शकते. म्हणून मी 'देऊच नका' या बाजूला जाऊ शकत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांचंही तेच. दिवाळीच्या सुमारास गेलेलं लेकरू मार्च-एप्रिलला परतणार. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहिलं तर उत्तम, पण जे आईबापाबरोबर फडावर गेलंच, त्याच्या दप्तरात आधीच धडे भरलेला, इंटरनेटशिवाय चालणारा टॅब असला तर निदान धागा तुटत नाही. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वीज नसते, तेव्हा सोबत सोलर चार्जर धर. आणि ज्या मुलाला कमी दिसतं, ज्याला अक्षर मोठं करून किंवा मजकूर वाचून दाखवणारं यंत्र लागतं, त्याच्याबाबतीत वाद नकोच. त्याला पहिल्यांदा दे.

दहावीनंतर चित्र आणखी बदलतं. 'महाज्योती' ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब देते आणि सोबत रोजचा सहा जीबी डेटा देते. मुलाला कशासाठी बसायचंय ते ठाऊक असतं, शिकवणी ठरलेली असते, डेटा हिशेबात धरलेला असतो. योजना अशीच जोडून आखायला हवी.

तुझा प्रस्ताव आठवीचा आहे, म्हणून हे नीट वाच. 'असर' या देशभरच्या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. ज्यांना तो वापरता येत होता त्यांच्यापैकी, आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं ५७ टक्क्यांनी सांगितलं, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. आणि त्याच पाहणीत पाचवीतली निम्म्याहून थोडी कमीच मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत होती. ही न वाचता येणारी मुलं तीन वर्षांनी तुझ्या आठवीत येतात. त्यांच्या हातात आठवीचं पुस्तक भरलेला टॅब दिलास तर ती ते पुस्तक उघडणार नाहीत. व्हिडिओ उघडतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

दिल्लीत एका प्रयोगात बरोबर उलट केलं. मूल कोणत्या इयत्तेत आहे ते न बघता त्याला काय येतं ते यंत्रानं तपासायचं आणि तिथून पुढे न्यायचं. दीड तासाचा वर्ग, त्यातला निम्मा वेळ यंत्रावर आणि निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांत शिक्षकापाशी. साडेचार महिन्यांत गणितात चांगलीच वाढ दिसली. अभिप्राय लिहिताना तो शिक्षकापाशीचा वेळ डोळ्यांपुढे ठेव.

माझ्याच शेवटच्या शाळेत आम्ही पाच मुलांत एक टॅब ठेवला होता, कारण तेवढेच होते. अपूर्णांकाचं गणित पडद्यावर आलं की भांडण सुरू. "अरे छेद सारखा कर आधी!" "कशाला, मोठा कोणता तेवढंच विचारलंय." वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी एकदा दुसऱ्याचं बोट पकडून म्हणाली, "थांब, दाबू नको, आधी मला पटव." एकेकाला एकेक टॅब दिला असता तर ती गप्पच राहिली असती, असं मला अजून वाटतं.

तेव्हा अभिप्रायात सरळ नकार लिहू नकोस. लिही, की सर्वांना एकेक देण्याऐवजी प्रत्येक शाळेला पाच मुलांमागे एक द्यावा. वाचलेल्या पैशातून ऊसतोडीच्या, दिव्यांग आणि घरात फोन नसलेल्या मुलांना, त्यातही मुलींना आधी, स्वतःचा द्यावा. यादी सरपंचांनी नाही, वर्गशिक्षकांनी करावी. तुटफुटीसाठी दहात एक टॅब जादा धरावा आणि वाजवी वापरात मोडला तर वसुली होणार नाही, हे आदेशातच लिहून द्यावं. या एका ओळीसाठी वरच्या साहेबांशी भांडावं लागलं तरी भांड. कपाटाची किल्ली त्या ओळीत आहे.

आणि जिल्हा वार्षिक योजनेतून पैसे नावीन्यपूर्ण योजनेत धरणार असतील तर विचार, की पुढच्या वर्षी नावीन्य संपल्यावर डेटा, दुरुस्ती आणि बॅटरीचे पैसे खर्चाच्या कोणत्या शीर्षातून येणार. उत्तर तोंडी घेऊ नकोस.

टिपण पाठवण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या खर्चाचा तक्ता मला दाखव. रविवारी घरीच असते. जेवायलाच ये, आकडे मिळून तपासू.

तुझ्या,
बाई