रक्त पातळ करण्याची गोळी : घ्यायची की नाही?

प्रश्न : आईचं वय ७२, वजन ५४ किलो. बीपी आणि मधुमेह आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके) निघालं. तिला धडधड, दम काहीच जाणवत नाही. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी अ‍ॅपिक्सॅबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली आहे. रक्तस्रावाच्या भीतीनं आई तयार नाही. मामा म्हणतात, अ‍ॅस्पिरिन पुरे, नाहीतर अडीच मिलिग्रॅमची गोळी तरी घे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ०.९ आहे.

उत्तर : त्रास जाणवत नाही म्हणून धोका कमी, असं या आजारात नसतं. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत राहतो. त्याच्या डाव्या बाजूला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात, आणि तोही बहुतेकदा मोठा. ठोके आटोक्यात ठेवणारी गोळी ही गुठळी थांबवत नाही.

गोळी द्यायची की नाही, हा निर्णय पक्षाघाताच्या धोक्याच्या गुणांवर होतो. ६५ ते ७४ वयाला एक गुण, बीपीला एक, मधुमेहाला एक. आईंचे तीन झाले. (७५ पूर्ण झाली की वयाचेच दोन. आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर त्याचेही दोन.) जुन्या पद्धतीत स्त्री असण्याचाही एक गुण धरत, २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शनात तो काढला आहे. दोन किंवा अधिक गुण असतील तर गोळी सुरू करावी, असा सल्ला आहे. आईंसारख्या शंभर जणींपैकी साधारण चौघींना वर्षभरात पक्षाघात होऊ शकतो. गोळीनं त्यातला दोन तृतीयांश धोका टळतो. उलट बाजूला, गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी दोघांना वर्षात मोठा रक्तस्राव होतो. पण तो बऱ्याचदा पोटातला, उपचारांनी थांबणारा. मेंदूतला फार क्वचित. पक्षाघातानं गेलेला हात मात्र परत येईलच असं नाही.

आता मामांचा सल्ला. अ‍ॅस्पिरिन इथे जवळजवळ निरुपयोगी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅव्हेरोज चाचणीत अ‍ॅपिक्सॅबॅननं अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत पक्षाघात निम्म्याहून कमी केले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. अडीचची गोळी तीनपैकी दोन गोष्टी असतील तरच : वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. आईंकडे फक्त वजन आहे, तेव्हा पाचचीच हवी. भीतीपोटी अर्धा डोस देणं आमच्या मते सगळ्यात वाईट तडजोड : गोळी घेतल्याचं समाधान मिळतं, संरक्षण अर्धवट राहतं.

रक्तस्रावाची खरी काळजी असेल तर ती कमी करायचे मार्ग आहेत. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन बंद, पॅरासिटामॉल चालते. बीपी आटोक्यात हवा. सुरुवातीला हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन, मग निदान वर्षातून एकदा. एखादी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी, पुढच्या वेळी दुप्पट नको. बारा तासांत असर बराच ओसरतो, म्हणून "आज राहू दे" चालत नाही. मोतीबिंदूसाठीही स्वतःहून बंद करू नका. सर्जनला आधी सांगा. काळी डांबरासारखी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला तर थेट दवाखाना.

प्रश्न : माझी मायट्रल झडप संधिवाताच्या तापानं बरीच अरुंद झाली आहे, एएफही आहे. एसिट्रॉम (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) घेतो. दरमहा आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी तपासणी) करून कंटाळलो. अ‍ॅपिक्सॅबॅनसारखी नवी गोळी घेऊ का?

उत्तर : नको. अशा झडपेत एसिट्रॉमच्याच गटातली औषधं सरस ठरली. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारोक्सॅबॅन हे नवं औषध मागे पडलं. धातूची कृत्रिम झडप असली तरी हाच नियम. तुमचा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवा. मेथी, पालक सोडू नका, दर आठवड्याला साधारण सारखेच खा. एकदम बंद केले की आयएनआर चढतो, भरपूर खाल्ले की उतरतो. कुठलंही अँटिबायोटिक सुरू झालं तर तीन-चार दिवसांनी आयएनआर पुन्हा तपासा.